जोडीची रायफल: विकावी की बॅरल बदलावं?

प्रश्न: काका, नमस्कार. मागे तुम्ही स्नोब्लोअरच्या कार्ब्युरेटरबद्दल लिहिलं होतं ते वाचून धीर आला, म्हणून जरा वेगळा प्रश्न विचारतोय. मी विस्कॉन्सिनमध्ये वॉसॉजवळ राहतो. शेजाऱ्यांच्या नादाने नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायला लागलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी नेहमीची रायफल .308 ची टिक्का आहे, तिच्याबद्दल काही तक्रार नाही. दुसरी आहे रेमिंग्टन 700 बीडीएल, .243 विंचेस्टर, अक्रोडाच्या लाकडाचा स्टॉक. ती एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याकडून घेतली. तो दर उन्हाळ्यात ती घेऊन साउथ डकोटाला प्रेअरी डॉग (बिळात राहणारी, खारीच्या जातीची जनावरं) मारायला जायचा. माझ्याकडे आली तेव्हा 100 यार्डांवर इंचभरात गोळ्या बसायच्या, आता तीन इंच पसरतात. दोन वर्षांपूर्वी शिशाच्या गोळ्या सोडून तांब्याच्या घेतल्या, कारण ते मांस मुलंही खातात. रेंजवरचे लोक म्हणतात बॅरल मेलं, नवीन टाक, 6.5 क्रीडमूर काडतुसाची करून घे. बायको म्हणते एक बंदूक पुरे, दुसरी विकून टाक. मुलगी नुकतीच बारा वर्षांची झालीय आणि यंदा तिला माझ्याबरोबर यायचंय. शिवाय भाचा मॅडिसनला एच-वन-बीवर नोकरी करतो. तो म्हणतो, मामा, विकायचीच असेल तर मला द्या. काय करू?
— एक वाचक, वॉसॉ

उत्तर: आधी पैशाचं बोलून टाकू, ते सोपं आहे. लाकूड बरं असेल आणि ब्लूइंग उडालं नसेल तर अशी रायफल आमच्या मिलवॉकीकडे पाचशे ते सातशे डॉलरला जाते. बॅरल गेलंय असं सरळ सांगून विकलीत तरी चारशेच्या आसपास मिळतील, कारण 700 ची नुसती ॲक्शन (बोल्ट बसतो तो मधला भाग) घ्यायलाही गिऱ्हाईक तयार असतं. उलट बाजूला, चांगलं कोरं बॅरल साडेतीनशे-चारशेचं. त्याला आटे पाडायचे, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) काढायचं, बसवायचं, वर ब्लूइंग करायचं, याचे गनस्मिथ जवळपास तेवढेच घेतो. म्हणजे आठशेला खड्डा. आणि आठशे घालून पुन्हा विकायला काढलीत तर पुढचा माणूस "बॅरल का बदललं होतं?" असं विचारून भाव पाडणार. नुसता हिशोबच बघायचा असेल तर बायकोचं ऐका आणि विका. बॅरल बदलून कुणी चार पैसे मिळवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

बॅरलवर पैसे घालायला कारण एकच असू शकतं: टिक्काला न जमणारं एखादं काम या रायफलकडून करून घ्यायचं असेल तर. तुमच्या पत्रात ते काम आहे, आणि ते नुकतंच बारा वर्षांचं झालंय. तिच्याकडे येतोच. पण त्याआधी एक शंका आहे.

बॅरल मेलं असं तुम्हाला रेंजवरच्या लोकांनी सांगितलं. तुम्ही स्वतः मात्र पत्राच्या मध्येच, काही विशेष नाही अशा सुरात लिहून गेलात की दोन वर्षांपूर्वी गोळ्या बदलल्या. ग्रुप (कागदावरचे गोळ्यांचे घोळके) पसरायला लागले ते त्याच्या आधी की नंतर? मला तर तिथेच पाणी मुरतंय असं वाटतं. गोळ्या बदलल्या ते योग्यच केलंत. 2008 साली नॉर्थ डकोटात दानात आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं सापडलं होतं आणि तिथल्या आरोग्य खात्याने फूड पँट्र्यांना तो खिमा टाकून द्यायला सांगितलं होतं. लहान मुलं खाणार असतील तर तांबंच बरं. पण तांब्याची गोळी बॅरलशी वेगळी वागते. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला सरळ ठेवायला बॅरलच्या आतल्या खाचांना जास्त पीळ लागतो. रेमिंग्टनच्या .243 ला 9 1/8 इंचात एक फेरा एवढाच पीळ असतो. 80-85 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) तांब्याची गोळी त्यात चालते, त्याहून जड घेतलीत तर भरवसा नाही. डब्यावर किती ग्रेन लिहिलंय ते आज घरी जाऊन बघा.

दुसरी गोष्ट, जुन्या गोळ्यांच्या तांब्याच्या वेष्टनाचा थर आत बसलेला असताना त्यावरूनच नव्या तांब्याच्या गोळ्या मारत राहिलं की ग्रुप बिघडतो, हे अनेकांच्या अनुभवाचं आहे. तो थर नेहमीच्या तेलाने निघत नाही. अमोनियावालं कॉपर सॉल्व्हंट आणा, गॅरेजचं दार उघडं ठेवा, कारण वासाने डोळ्यांना धारा लागतात. रॉड नेहमी चेंबरच्या बाजूने घाला, बोअर गाइड लावून. पहिली चिंधी काळी निघेल, पुढच्या निळ्या-हिरव्या निघतील. निळं यायचं थांबेपर्यंत थांबू नका, एका संध्याकाळीही होणार नाही. एक खुबी लक्षात ठेवा: रॉडच्या टोकाचा, चिंधी धरणारा जॅग पितळी असेल तर सॉल्व्हंट त्यालाच खातं आणि चिंधी जन्मभर निळीच निघते. बॅरल कधीचं स्वच्छ झालेलं असतं आणि माणूस घासतोच आहे. प्लॅस्टिकचा किंवा निकेल चढवलेला जॅग वापरा.

साफ करून झालं की स्क्रू. ॲक्शन स्टॉकला धरून ठेवणारे स्क्रू सैल झालेले असतात हे निम्म्या "मेलेल्या" बॅरलांचं मरणाचं कारण. लाकडी स्टॉकला साधारण 40 इंच-पौंड पुरतात, त्याहून आवळलं तर लाकूड चेपतं. स्कोपच्या बेसचे बारीक स्क्रूही बघा. जमलं तर टिक्कावरचा स्कोप काढून हिच्यावर चढवून एकदा मारून बघा, म्हणजे स्कोपबद्दलचा संशय फिटेल. बीडीएलमध्ये आणखी एक भानगड असते. कारखान्यातूनच स्टॉकच्या पुढच्या टोकाशी लाकडाचा एक उंचवटा ठेवलेला असतो, तो बॅरलला खालून दाबून धरतो. आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात अक्रोड फुगतं आणि हिवाळ्यात हीटरच्या हवेत आकसतं, की तो दाब बदलतो आणि गोळी कुठे पडेल तेही बदलतं. कागदाची पट्टी बॅरल आणि स्टॉकमधून सरकवून बघतात ना लोक, ती या रायफलमध्ये पुढच्या टोकाला अडकणारच. ती अडकली म्हणून घाबरू नका. एका बाजूलाच अडकते का, हे बघा.

मग बॅरलचं तोंड. बाहेरच्या कडेला कापसाची काडी आतून बाहेर ओढत गोल फिरवा. कुठे तंतू अडकले तर तिथे ओरखडा किंवा धातूची उचललेली बारीक कड आहे. आधीच्या मालकाने पुढून रॉड घालून साफ केलं असेल तर हे होतं. तेवढंच असेल तर गनस्मिथ लेथवर कड नव्याने कापून देतो. शंभरएक डॉलरचं काम, नव्या बॅरलच्या आठव्या हिश्श्यात.

आता तुमच्या सहकाऱ्याचा साउथ डकोटा. तिथे माझा संशय रेंजवाल्यांच्या बाजूने झुकतो. हरणाच्या शिकाऱ्याचं बॅरल सहसा झिजत नाही. वर्षाला एखादा-दुसरा डबा काडतुसं वाजवणाऱ्याचं बॅरल त्याच्या नातवंडांपर्यंत टिकतं, मध्ये गंज चढला नाही तर. पण प्रेअरी डॉगचं गाव म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत ठो-ठो. बॅरल हाताला चटका देईपर्यंत तापलेलं, तरी माणूस थांबत नाही. आणि .243 ची घडणच अशी की ती बॅरलचा घसा (चेंबरमधून गोळी शिरते तो भाग) लवकर जाळते. तिच्या काडतुसाची केस (पितळी नळी) .308 चीच, 1955 मध्ये तिचं तोंड आवळून बारीक गोळी बसवली, म्हणजे तेवढ्याच दारूचा जाळ लहान भोकातून जातो. .308 पाच हजार गोळ्या सहज काढते. .243 ला दीड-दोन हजारांनंतर कुरकुर सुरू होते, आणि तापलेल्या बॅरलात त्याहून आधी. चेंबरच्या पुढचा घसा बोअरस्कोपमध्ये बघितलात तर मे महिन्यातल्या तळ्याच्या तळासारखा भेगाळलेला दिसेल. हल्ली पन्नासेक डॉलरला मिळतो तो बोअरस्कोप (बॅरलच्या आत बघायचा कॅमेरा), मित्राकडून मागून आणा. मात्र त्यात जे दिसेल त्यावरून निकाल देऊ नका. तसा भेगाळलेला घसा असून इंचात मारणारी बॅरलं असतात. निकाल कागदावर लागतो.

म्हणून साफसफाई, स्क्रू, स्कोप सगळं झाल्यावर दोन प्रकारची काडतुसं घेऊन रेंजवर जा: 80-85 ग्रेनची तांब्याची, आणि जुनी 100 ग्रेनची शिशाची, जिच्यावर ती पूर्वी इंचात मारत होती. साफ केल्यावरच्या पहिल्या चार-पाच गोळ्या हिशोबात धरू नका. नंतर पाच-पाचचे ग्रुप, मध्ये बॅरल थंड होऊ देऊन. जुन्या गोळ्यांनी ती पुन्हा दीड इंचाच्या आत आली तर तिचं काही मेलेलं नाही, तिला कुठली तांब्याची गोळी मानवते तेवढं शोधायचं. दोन्हींनी तीन इंच पसरली तर रेंजवाले बरोबर.

बॅरलच्या नादात ट्रिगर विसरू नका. 700 च्या जुन्या ट्रिगरवरून कोर्टात बरीच वर्षं दावे चालले, आणि नंतरच्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरवर 1 मे 2006 ते 9 एप्रिल 2014 या काळात बनलेल्या रायफलींसाठी कंपनीने रिकॉल काढला होता. तुमची कोणत्या सालची ते सीरियल नंबरवरून काढा. घरी बोल्ट उघडून चेंबर रिकामं आहे याची बोट घालून खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग बोल्ट लावा, सेफ्टी लावा, ट्रिगर ओढा, सोडा, आणि आता ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. खट्ट वाजलं तर ती रायफल आज कपाटात जाईल आणि ट्रिगर बदलल्याशिवाय बाहेर येणार नाही. नाही वाजलं तरी पोरीच्या हातात द्यायच्या रायफलला मी नवा ट्रिगर टाकला असता. दीडशे डॉलरच्या आसपास जातील. आणि विकायची ठरलं तर हे गिऱ्हाइकाला सांगायचं, लपवायचं नाही.

आता मुलगी. बारा वर्षांच्या पोरीला हरणासाठी कोणती रायफल, असं मला कुणी कोरा कागद देऊन विचारलं असतं तर मी .243 च लिहिलं असतं. धक्का तुमच्या .308 च्या जवळपास निम्मा. पहिल्याच दिवशी खांदा काळानिळा झालेलं मूल पुढच्या वर्षी डोळे मिटून ट्रिगर ओढतं, ही सवय मोडायला फार वेळ लागतो. तेव्हा 6.5 क्रीडमूर करण्याचं मला काही कारण दिसत नाही. काडतूस वाईट नाही, 2007 ला आलं आणि आता प्रत्येक दुकानात मिळतं. बोल्टचं तोंड तेच, लहान ॲक्शनही तीच, त्यामुळे बॅरल बदललं की झालं, हेही खरं. पण ते लांबच्या निशाणेबाजीसाठी गाजलं. वॉसॉच्या जंगलात शंभर यार्डांपलीकडचं हरीण दिसलंच तर मध्ये चार झाडं असतात. बॅरल टाकायचंच झालं तर पुन्हा .243, नाहीतर 7 मिमी-08. दुसरं घेतलंत तर ती पोर सोळा-सतरा वर्षांची झाल्यावरही, अगदी अस्वलालाही, ती रायफल कमी पडणार नाही. धक्का थोडा वाढतो, पण हलक्या गोळीने सुरुवात करता येते. माझं मत विचाराल तर 7 मिमी-08. माझ्या बायकोचं मत .243, आणि तिने माझ्याहून जास्त हरणं मारली आहेत, हेही सांगून ठेवतो.

पण तिच्यासाठी बॅरलच्या आधी स्टॉक बघा. बीडीएलचा स्टॉक ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंत 13 3/8 इंच असतो, मोठ्या माणसाच्या मापाचा. बारा वर्षांच्या मुलीला सव्वाबारा इंचांच्या आसपास हवा. लांब स्टॉक लहान मुलाच्या खांद्यावर नीट बसत नाही, तो दंडावर येतो, डोळा स्कोपमागे येत नाही, आणि मग "हिला जमत नाही" म्हणून शिक्का बसतो. शंभर-सव्वाशे डॉलरचा मुलांच्या मापाचा सिंथेटिक स्टॉक घ्या आणि अक्रोडाचा कपाटात जपून ठेवा. आणि नवं बॅरल टाकायची वेळ आलीच तर 20 इंचांचंच घ्या, तिच्या हातात पुढून जड होणार नाही.

बॅरल कसं बदलतात हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मी टूलरूमचा माणूस, सांगितल्याशिवाय राहवणार नाही. पिंपरीला शिकाऊ म्हणून लागलो तेव्हापासून "चार थाऊ" (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हे माप कानात बसलंय, आणि या कामाचा सगळा जीव नेमका चार थाऊत आहे. .243, 7 मिमी-08 आणि .308 यांचा गो गेज (चेंबरची लांबी तपासायचं माप) 1.630 इंचांचा, नो-गो 1.634 चा. गो गेज घातला की बोल्ट अलगद बंद झाला पाहिजे, नो-गो घातला की बंद होता कामा नये. या दोघांतला फरक एक दशांश मिलिमीटर. त्यापेक्षा जास्त मोकळं राहिलं तर काडतुसाची केस मागे ताणून फाटू शकते, आणि फाटलेल्या केसमधला वायू तुमच्या डोळ्यांच्या दिशेने येतो. म्हणून जुनं बॅरल व्हाइसमध्ये आवळून, ॲक्शनला पाना लावून उलगडणं हे काम कुणीही धडधाकट माणूस करील. गेजशिवाय नवं बसवणं मात्र कुणीही करू नये. 700 मध्ये रिकॉइल लग हा वेगळा तुकडा असतो, ॲक्शन आणि बॅरलच्या खांद्यामध्ये दाबून धरलेला. तो बसवताना तिरका गेला की मग स्टॉकमध्ये ॲक्शन नीट बसत नाही आणि बिचाऱ्या नव्या बॅरलला शिव्या बसतात.

हल्ली चेंबर काढून तयार बॅरल मिळतं, सॅव्हेज कंपनीच्या रायफलींसारखा मोठा नट घालून घट्ट करायचं. गेजवर बोल्ट बंद करून बॅरल टेकेपर्यंत फिरवायचं आणि नट आवळायचा. दोन गेज, व्हाइस आणि पाना घेऊनही गनस्मिथपेक्षा दोन-अडीचशे वाचतात, आणि बॅरल पोस्टाने घरी येतं. अमेरिकन कायद्यात सीरियल नंबर असलेली ॲक्शन म्हणजे बंदूक, बॅरल हा नुसता सुटा भाग. मला स्वतःला तो नट डोळ्याला खुपतो, सरळ खांद्यावर बसलेलं बॅरल देखणं असतं. पण रायफल पोरीच्या कामाची आहे, कॅलेंडरवर छापायची नाही. काही करा, नव्या बॅरलवर कॅलिबर ठळक कोरलेलं असू द्या. .243 लिहिलेली जुनी पट्टी स्टॉकवर किंवा रायफलच्या पेटीवर राहिली असेल तर काढून टाका. घरात .308 असताना दोन डब्यांची गल्लत कुणाच्या हातून होईल सांगता येत नाही.

मुलीला हंटर एज्युकेशनचा कोर्स लावा. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनात शिकारीच्या नेहमीच्या लायसन्ससाठी तो करावा लागतो, आणि प्रमाणपत्र हातात आलं तरी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना पालक किंवा पालकांनी नेमलेला मोठा माणूस बरोबर लागतो. ऑक्टोबरात मुलांसाठी दोन दिवसांचा वेगळा हंगाम असतो, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणाऱ्या नऊ दिवसांच्या गर्दीपेक्षा पहिल्या वर्षाला तो बरा. म्हणजे रायफल सप्टेंबरात तयार पाहिजे. चांगल्या गनस्मिथकडे उन्हाळ्यात रांग महिनोन्‌महिन्यांची असते, म्हणून साफसफाई आणि रेंज या महिन्यातच उरका.

भाच्याचं मात्र आत्ता नको. फेडरल कायद्यानुसार एच-वन-बी, एफ-वन अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेता येत नाही, जवळ बाळगताही येत नाही, आणि तशी ती देणारा मामाही त्यात अडकतो. बक्षीस दिली, वापरायला दिली, पैसे घेतले नाहीत, याने फरक पडत नाही. ग्रीन कार्ड असतं तर हा प्रश्न नव्हता. एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं मुदतीतलं शिकारीचं लायसन्स त्याच्या नावावर असेल तर त्याला मुभा मिळते. तेव्हा त्याला खरंच हौस असेल तर त्याने आधी कोर्स करावा, लायसन्स काढावं, आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारावं, आणि मग दुकानात जाऊन फॉर्म 4473 भरून, तपासणी होऊन जी काय घ्यायची ती घ्यावी. लायसन्सची मुदत संपली की मुभाही संपते, हे त्याला समजावून सांगा. त्याचं ग्रीन कार्ड रांगेत असताना मामाची जुनी रायफल हे कारण फाइलमध्ये यायला नको.

बाहेरच्या कुणाला विकायची झाली तर विस्कॉन्सिनात दोन रहिवाशांमधल्या खाजगी व्यवहाराला तपासणीची सक्ती नाही. तरी मी दुकानातूनच करीन. तीस-चाळीस डॉलरमध्ये डोक्याचा ताप जातो. मिनेसोटा किंवा मिशिगनचा गिऱ्हाईक असेल तर परवानाधारक दुकानाशिवाय व्यवहारच करता येत नाही. दुकानात विक्रीसाठी ठेवलीत तर ते पंधरा-वीस टक्के कापतील. स्कोप काढून वेगळा विका, रायफलबरोबर दिला तर त्याचे फारसे पैसे येत नाहीत.

आणि वहिनींना सांगा, त्यांचा मुद्दा बंदुकांच्या संख्येचा नसून कुलुपाचा असेल तर तो शंभर टक्के बरोबर आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागेल अशी भरलेली बंदूक बेपर्वाईने ठेवली आणि ती घेऊन त्या मुलाने कुणाला इजा केली किंवा ती चारचौघांत काढली, तर विस्कॉन्सिनात ठेवणाऱ्यावर गुन्हा लागतो. पोलादी कपाट, काडतुसं वेगळ्या कुलपात. ते नसेल तर बॅरलचे पैसे आधी त्यात घाला. ते आहे, पोरगी ऑक्टोबरला येणार आहे, तर माझं उत्तर: ठेवा, साफ करा, स्टॉक आणि ट्रिगर बदला, बॅरलला कागदावर संधी द्या, आणि नापास झालं तरच 20 इंचांचं 7 मिमी-08 टाका. पोरीने मध्येच नको म्हटलं तर त्याच आठवड्यात विका.

प्रश्न: वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्या परवान्यावर .315 ची जुनी रायफल आहे, साठच्या दशकात ते शिकारीला जायचे तेव्हाची. बॅरल आतून गंजलंय. बॅरल बदलून आठवण म्हणून ठेवावी की विकून टाकावी? भाऊ अमेरिकेत असल्याने हे मासिक घरी येतं.
— एक वाचक, अमरावती

उत्तर: तुमच्यापुढे अजून हा प्रश्न आलेलाच नाही. वडिलांबरोबर त्यांचा परवाना संपला, आणि शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे ती रायफल विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला हवी होती. वर्ष उलटलंय, तर आधी ते करा. वारस म्हणून तुम्हाला परवाना मागता येतो. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसाची तरतूद आहे, आणि कुणी हयात परवानाधारक सत्तरीला पोहोचला किंवा शस्त्र जवळ बाळगून त्याला पंचवीस वर्षं झाली तरी तो वारसाला देऊ शकतो. तुमच्या नावावर आधीच दोन शस्त्रं असतील तर मात्र तिसरं मिळणार नाही. 2019 च्या दुरुस्तीने तीनची मर्यादा दोनवर आणली, आणि वारसाहक्काने येणारं शस्त्रही त्यातच मोजलं जातं.

बॅरलचं म्हणाल, तर भारतात शस्त्राचे भागही कायद्याने शस्त्रातच मोडतात. इथे अमेरिकेत मागवतात तसं पोस्टाने मागवणं नाही. परवाना हातात येईपर्यंत कुठल्याही ओळखीच्या टर्नरला ते दाखवूसुद्धा नका. आणि ठेवलीत तरी तिचं करणार काय? 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर वडिलांसारखी शिकार राहिली नाही. आठवणच हवी असेल तर गंजलेलं बॅरल तसंच असलेलं मला जास्त खरं वाटतं, पण त्यासाठीही परवाना लागतोच. तुमच्या जागी मी असतो तर विक्रेत्याकडे जमा करून त्याच्यामार्फत विकली असती, भाव किरकोळ येईल हे धरूनच.

जाताना मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना बरोबर न्या. पावतीवर लिहिलेला रायफलचा नंबर तिथेच उभं राहून, लोखंडावरच्या नंबराशी स्वतः ताडून घ्या.